टेरी रायली यांचे ‘सलोमी डान्सेस फॉर पीस’ : किराणा घराण्याची तालीम आणि लिखित स्वर

अमेरिकन संगीतकार टेरी रायली (जन्म १९३५) यांची ‘सलोमी डान्सेस फॉर पीस’ ही १९८५-८६ मधील रचना दोन व्हायोलिन, व्हिओला व चेलो या चार वाद्यांच्या क्रोनॉस क्वार्टेटसाठी लिहिली गेली. पाच भागांची ही रचना सुमारे दोन तास चालते. जिच्या नृत्याची परिणती योहानाच्या शिरच्छेदात झाली, ती बायबलमधील सलोमी येथे पुन्हा अवतरते आणि नृत्याच्या बळावर जगात शांतता आणते, अशी तिची कल्पना आहे.

रायली यांनी १९७० पासून पंडित प्राणनाथ यांच्याकडे गायनाची तालीम घेतली. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. हिराबाई बडोदेकर यांनाही याच उस्तादांची तालीम लाभली होती. साहजिकच मराठी रसिक या रचनेत एखादा राग शोधू लागतो. हा शोध फारसा फलदायी ठरत नाही. किराणा घराण्याचे ऋण रागनामात नसून स्वराकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे. एका स्वरावर थांबणे, त्याच्या आसपासचा अवकाश निरखणे आणि पुढचा स्वर जणू नाइलाजाने घेणे, ही बढतीची रीत रचनेच्या संथ भागांत स्पष्ट जाणवते.

खरा पेच लेखनाचा आहे. सत्तरच्या दशकात रायली यांनी स्वरलेखन जवळजवळ सोडून दिले होते. क्रोनॉसचे संस्थापक डेव्हिड हॅरिंग्टन यांच्या आग्रहामुळे ते पुन्हा कागदाकडे वळले. घराण्याची विद्या समोरासमोर बसून मिळते, तर क्वार्टेटची परंपरा कागदावर उभी आहे. रायली यांनी स्वर लिहिले. परंतु लय, नादाचा लहानमोठेपणा आदी बाबी बऱ्याच अंशी वादकांवर सोपविल्या. म्हणजे तालमीला, रूढ अर्थाने नव्हे तर घराण्याच्या अर्थाने, पुन्हा जागा मिळाली.

तरीही एक अडचण उरते. तंबोऱ्याचा अखंड षड्ज येथे नाही. आधारस्वर बदलतो तेव्हा, शिनोली-घोडेगाव परिसरात हरिनाम सप्ताहातील भजन ऐकत ज्याचा कान घडला, अशा विद्यार्थ्याचा तोल जाणे स्वाभाविक आहे. हे अडखळणे म्हणजे त्याचे अज्ञान नव्हे. दोन संगीतपद्धतींमधला मूलभूत भेद त्याच्या कानाने अचूक टिपलेला असतो, आणि वर्गातील चर्चा तेथूनच सुरू व्हावी.

रचनेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. युद्धाचे प्रसंग कथेला फार चिकटून राहतात. जॅझ, ब्लूज आणि आवर्ती आकृतिबंध एकापाठोपाठ येतात, पण प्रत्येक वेळी एकजीव होत नाहीत. संथ भागांतील संयम तेथे सुटतो. ‘गुड मेडिसिन’ या अखेरच्या भागात मात्र चारही वाद्ये परस्परांना जागा देत पुढे जातात, आणि सलोमीची कथा ठाऊक नसलेल्या श्रोत्यालाही तो भाग सहज भिडतो.