वर्गसमीकरणाची आज्ञावली : सूत्र बरोबर, उत्तर चूक

संगणकाच्या प्रात्यक्षिकात वर्गसमीकरण सोडवणारी आज्ञावली ठरलेलीच असते. अ, ब, क हे सहगुणक वाचायचे, ब² − ४अक हा विवेचक काढायचा, तो ऋण निघाला तर 'वास्तव मुळे नाहीत' असे छापायचे, एरवी सूत्रात किमती घालायच्या. क्ष² − ५क्ष + ६ = ० याची २ व ३ ही मुळे मिळाली की वहीवर सही होते. (अ शून्य दिला तर काय, हे कोणी विचारत नाही, ते सोडून देऊ.)

हीच आज्ञावली पायथनमध्ये लिहून, सहगुणक दशांश संख्या म्हणून वाचून, वर्गात दोन समीकरणे देऊन पाहावीत.

पहिले : क्ष² + ६क्ष + ९ = ०. उत्तर −३, दोन्ही मुळे समान. आता दोन्ही बाजूंना १० ने भागून ०.१, ०.६, ०.९ हे सहगुणक द्यावेत. समीकरण तेच आहे, पण संगणक सांगतो, वास्तव मुळे नाहीत! कारण ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत आवर्ती असते, ती कुठेतरी तोडूनच साठवावी लागते. त्यामुळे विवेचक शून्याऐवजी किंचित ऋण निघतो. म्हणजे चूक सूत्रात नसून संख्या वाचतानाच शिरली. तिन्ही सहगुणक अपूर्णांक म्हणून वाचले, की विवेचक नेमका शून्य येतो.

दुसरे : क्ष² − १०,००,००,०००क्ष + १ = ०. लहान मूळ जवळजवळ ०.०००००००१ आहे. आज्ञावली देते सुमारे ०.००००००००७४५. एकचतुर्थांश चूक! ताळा करून पाहावा : डावी बाजू शून्याऐवजी पाव येते. दहा कोटी आणि विवेचकाचे वर्गमूळ या जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी होते. संगणकाजवळ सुमारे सोळाच अंक असतात, ते बहुतेक सगळे वजाबाकीत उडतात, आणि उरतो तो गाळ.

उपाय मात्र दहावीच्याच पुस्तकात आहे. मुळांचा गुणाकार क/अ असतो. ज्या मुळात बेरीज होते ते आधी काढावे, आणि क ला अ व त्या मुळाच्या गुणाकाराने भागून दुसरे मिळवावे. एरवी केवळ रिकाम्या जागा भरण्यापुरता पाठ केला जाणारा हा संबंध येथे खरोखर कामाला येतो.

हे नवे नाही. स्टॅनफर्डचे जॉर्ज फोरसाइथ यांनी १९७० मध्ये 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'त गणिताचे पुस्तक एवढ्याने का भागत नाही हे सांगताना अशाच प्रकारचे समीकरण हाताळले होते. तरीही आपल्या प्रात्यक्षिकाच्या वहीत चाचणीसाठी अजून २ आणि ३ च. वरची दोन समीकरणे तिथे घालायला छापील अर्धे पानही लागणार नाही.