मूकपटातील मुक्तीचे दोन प्रकार

मूकपटांच्या काळात अपराध, निरपराधित्व आणि उद्धार ह्या विषयांवर जी कथानके रचली गेली, त्यांच्यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. त्यांतील माणसे एकतर देवतुल्य असतात किंवा राक्षसी. घटना कार्यकारणभावाने न घडता योगायोगाने घडतात. आणि अखेरच्या क्षणी होणारी सुटका प्रेक्षकाला विचार करू देत नाही. हे आक्षेप निराधार नाहीत. परंतु त्यांच्यामुळे एक महत्त्वाचा भेद नजरेआड झाला आहे. निर्दोष व्यक्तीचे निर्दोषत्व सिद्ध होणे ही एक मुक्ती आणि दोषी व्यक्तीचे अंतःकरण पालटणे ही दुसरी मुक्ती. पहिलीला पुरावा लागतो, दुसरीला पश्चात्ताप लागतो. पहिली बाहेरून मिळते, दुसरी बाहेरून देता येत नाही. ह्या दोहोंची गल्लत झाली म्हणजे कथानक कोठे समर्थ आहे आणि कोठे केवळ भाबडे आहे, हे सांगता येत नाही. अमेरिकेत तयार झालेल्या तीन मूकपटांच्या आधारे हा भेद स्पष्ट करता येईल.

मेलोड्रामाचा हा साचा चित्रपटाने निर्माण केलेला नाही. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या दशकांत पॅरिसच्या रंगभूमीवर तो आकाराला आला आणि पिक्सेरेकूर हा त्याचा प्रमुख नाटककार होता. त्याच्या १८०० मधील ‘सेलिना’ ह्या नाटकात एक महत्त्वाचे पात्र मुके आहे. १८१४ मधील ‘मोंतार्जीचा कुत्रा’ ह्या नाटकात तर खुनाचा खोटा आळ ज्याच्यावर येतो, तो तरुणच मुका आहे. निर्दोष माणसाला स्वतःची बाजू बोलून मांडता येऊ नये, ह्यात नाटककाराची केवळ चमत्कृतीची हौस नव्हती. पीटर ब्रुक्स ह्या समीक्षकाने मेलोड्रामावरील आपल्या १९७६ च्या ग्रंथात मूकत्व हे ह्या नाट्यप्रकाराचे अंगभूत लक्षण मानले आहे. सद्गुण ओळखला जाणे हा ह्या नाटकांचा खरा विषय. आणि सद्गुणाला वाणी नसली, तर ती ओळख खुणांवरून, हातवाऱ्यांवरून, एखाद्या वस्तूवरूनच पटावी लागते. संस्कृत नाट्यपरंपरेचा परिचय असलेल्या वाचकाला येथे ‘अभिज्ञान’ हा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. चित्रपट आला तेव्हा त्याची सर्वच पात्रे प्रेक्षकाच्या दृष्टीने मुकी होती. जी अडचण नाटककाराला मुद्दाम निर्माण करावी लागत होती, ती चित्रपटाला माध्यमाबरोबरच मिळाली.

ह्या अडचणीचा सर्वांत प्रभावी उपयोग डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याच्या १९१६ मधील ‘इनटॉलरन्स’ ह्या चित्रपटाच्या आधुनिक कथेत आढळतो. ह्या चित्रपटात चार काळांतील चार कथा एकमेकींत गुंफलेल्या आहेत. आधुनिक कथेतील गिरणीमालक आपल्या बहिणीच्या धर्मादाय कार्याला पैसा पुरवण्यासाठी कामगारांच्या मजुरीत दहा टक्के कपात करतो. त्यातून संप, गोळीबार आणि स्थलांतर घडते. नायक आणि नायिका शहराच्या गलिच्छ वस्तीत येऊन पडतात. तेथील एक गुंड नायिकेवर बळजोरी करू पाहत असता नायक मध्ये पडतो. त्याच वेळी त्या गुंडाने फसवलेली एक स्त्री मत्सराच्या भरात खिडकीतून त्याच्यावर गोळी झाडते आणि पिस्तूल खोलीत फेकून देते. ते नायकाच्या हाती सापडते आणि त्याला फाशीची शिक्षा होते.

येथे खून कोणी केला हे प्रेक्षकापासून लपवलेले नाही, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. रहस्यकथेत वाचकाचे अज्ञान हे कुतूहलाचे मूळ असते. येथे प्रेक्षकाचे ज्ञान हेच त्याच्या यातनेचे मूळ आहे. न्यायालयातील प्रसंगात ही यातना टोकाला जाते. साक्षीदारांचे बोलणे प्रेक्षकाला ऐकू येत नाही आणि प्रेक्षकाने जे पाहिले ते न्यायाधीशाने पाहिलेले नाही. मे मार्श हिने रंगवलेल्या नायिकेचे एकमेकांत गुंतलेले, पिळवटणारे हात ग्रिफिथ अगदी जवळून दाखवतो. त्या हातांना पुरावा म्हणून कायद्यात किंमत नाही. प्रेक्षकाच्या लेखी मात्र तेच सत्य आहे. अखेर ती दुसरी स्त्री कबुली देते, मोटार आगगाडीचा पाठलाग करून गव्हर्नरला गाठते आणि फाशीचा दोर कापला जाण्यापूर्वी माफीचा हुकूम येऊन पोहोचतो. ह्या शर्यतीला योगायोग म्हणून हिणवणे सोपे आहे. पण बॅबिलोनचा पाडाव, ख्रिस्ताचे क्रूसारोहण आणि १५७२ मधील ह्यूगनॉटांची कत्तल ह्या उरलेल्या तिन्ही कथांमध्ये कोणीही वेळेवर पोहोचत नाही. चारांपैकी एकाच कथेत सुटका होते. त्यामुळे ती सुटका जगाचा नियम म्हणून न येता अपवाद म्हणून येते आणि अपवाद म्हणूनच ती पटते.

तरीही ही मुक्ती पहिल्या प्रकारचीच आहे. नायकाने काही केलेले नव्हते. त्याला बदलावयाचे नाही, केवळ सुटावयाचे आहे. कथेत खरा नैतिक झगडा जर कोणाच्या मनात चालत असेल, तर तो मिरियम कूपरने रंगवलेल्या त्या अपराधी स्त्रीच्या मनात. आपल्याऐवजी दुसरा मरणार हे जाणून ती तडफडते आणि स्वतःचा जीव धोक्यात घालून सत्य सांगते. परंतु कबुली देऊन होताच कथेचे तिच्याशी असलेले काम संपते. शेवट पतिपत्नींच्या मिलनावर होतो. तिचे पुढे काय, हा प्रश्न कथानक विचारत नाही. निर्दोषाला न्याय देण्यासाठी दोषी व्यक्तीचा पश्चात्ताप साधन म्हणून वापरला गेला, हा ह्या कथेतील खरा उणेपणा आहे. योगायोगापेक्षा तो अधिक गंभीर मानला पाहिजे.

दोषी माणसाचा उद्धार हाच ज्याचा विषय आहे असा चित्रपट म्हणजे राऊल वॉल्श याचा ‘रीजनरेशन’ (१९१५). ओवेन किल्डेअर याच्या १९०३ मधील आत्मकथनावर तो आधारलेला असून त्याचे चित्रण न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत झाले आहे. बराच काळ गहाळ समजला गेलेला हा चित्रपट १९७० नंतरच्या दशकात पुन्हा हाती आला. अनाथ म्हणून वाढलेला ओवेन गुंडांच्या टोळीचा म्होरक्या होतो आणि मेरी नावाच्या एका समाजसेविकेच्या सहवासात पालटू लागतो. हा पालट पटणारा आहे, कारण ओवेन आणि त्याचे सोबती ह्या वस्तीने घडवलेली माणसे आहेत, हे तेथील चेहऱ्यांवरून आणि गल्ल्यांवरून आधीच दिसलेले असते. परंतु उद्धार पूर्ण करण्यासाठी कथानकाला मेरीचा मृत्यू लागतो. टोळीतील स्किनीच्या गोळीने ती मरते. सूड घेण्यास निघालेला ओवेन त्याचा गळा आवळत असता तिची मूर्ती त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते आणि तो हात आवरतो. मात्र स्किनी जिवंत सुटत नाही. दोरीला लोंबकळत पळून जाऊ पाहणाऱ्या त्या इसमाला ओवेनचाच एक मित्र गोळी घालतो. ओवेनचे हात स्वच्छ राहतात आणि प्रेक्षकाची सूडाची भूकही भागते. क्षमेचे पुण्य आणि सूडाचे समाधान अशा दोन्ही गोष्टी कथानकाला हव्या आहेत, आणि दोहोंची किंमत नायकाखेरीज इतरांनी दिली आहे.

एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ याचा ‘सनराइझ’ (१९२७) ह्या दोन्ही चित्रपटांच्या पुढे जातो. हर्मान झूडरमान याच्या १९१७ मधील कथेवरून कार्ल मायर याने त्याची पटकथा लिहिली. शहरातून आलेल्या एका स्त्रीच्या नादी लागून शेतकरी आपल्या पत्नीला होडीतून नेऊन बुडवण्याचा बेत करतो. बेत असा की, त्याने स्वतः वेताच्या जुडीच्या आधारे तरून यावे आणि अपघात झाला असे सांगावे. होडीत तो उठून उभा राहतो. पत्नी हात जोडते. आणि त्याचा हात गळून पडतो. कायद्याच्या दृष्टीने येथे कोणाचा मृत्यू झालेला नाही, कोणी फिर्यादी नाही, साक्षीदारही नाही. म्हणूनच ‘इनटॉलरन्स’मधील न्यायालयाचा मार्ग येथे बंद आहे. अपराध ज्याने केला आणि ज्याच्याविरुद्ध केला, त्या दोघांनाच तो ठाऊक आहे. त्याचा निकालही त्या दोघांतच लागला पाहिजे.

तो निकाल लागतो एका चर्चमध्ये. अनोळखी जोडप्याचा विवाह चालू असता पत्नीच्या रक्षणाची शपथ शेतकऱ्याच्या कानी पडते आणि तो कोसळतो. ह्या वेळी पुरावा कोणी दाखवलेला नाही. दुसऱ्याच्या विधीत त्याने स्वतःला ओळखले. म्हणजे अभिज्ञान येथे पहिल्यानेच निर्दोष व्यक्तीचे न राहता दोषी व्यक्तीचे झाले. परतीच्या वाटेवर वादळ येते, आणि खुनानंतर स्वतःच्या बचावासाठी आणलेली वेताची जुडी तो पत्नीच्या अंगाला बांधतो. तिच्याच आधाराने ती वाचते. हाही योगायोगच आहे. पण वस्तू तीच राहून तिचा अर्थ पालटल्यामुळे माणूस पालटल्याचे ती शब्दांवाचून सांगते. मूळ कथेत पती बुडून मरतो व मृत्यूने त्याचे प्रायश्चित्त पूर्ण होते. मुर्नाऊ त्याला जिवंत ठेवतो. ज्याने आपल्याला मारावयाचे योजले होते त्याच्यासह जगणे आणि जिला मारावयाचे योजले होते तिच्यासह जगणे, हे मरणापेक्षा कठीण प्रायश्चित्त आहे.

‘सनराइझ’ निर्दोष आहे असे मात्र म्हणता येणार नाही. मोहाचे सारे खापर त्या शहरी स्त्रीवर फोडले गेले आहे. पत्नी बुडाली असे समजून शेतकरी तिचाही गळा आवळू लागतो. आणि अखेर गाडीत बसून तिने गाव सोडले की पाप गावाबाहेर गेले, असा समज करून दिला जातो. मेलोड्रामाची जुनी सवय, म्हणजे दुष्टत्व एका देहात कोंडून त्याला हाकलून देणे, येथेही सुटलेली नाही.

ह्या तीन चित्रपटांवरून असे दिसते की, मूकपटीय मेलोड्रामाची पारख योगायोगांची मोजदाद करून होणार नाही. सुटका कोणाची झाली, कोणाच्या बळावर झाली, आणि जिच्या बळावर झाली त्या व्यक्तीला कथेच्या शेवटी स्थान उरले की नाही, हे प्रश्न विचारले पाहिजेत. ग्रिफिथने निर्दोषाला वाचवले व पश्चात्ताप पावलेल्या स्त्रीला वाऱ्यावर सोडले. वॉल्शने दोषी माणसाला वाचवले व निष्पाप स्त्रीचा बळी घेतला. मुर्नाऊने दोषी पती आणि निष्पाप पत्नी यांना पहाटेच्या प्रकाशात एकत्र आणले. त्याच प्रकाशात गावाबाहेर जाणारी ती गाडीही दिसते.