गुण कोणाचा? एनिमाने सोडवलेला एक प्रश्न

पचनसंस्थेची आकृती शिकवताना तोंडापासून लहान आतड्यापर्यंत सारे सुरळीत चालते. मलाशय आणि गुदद्वार आले की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते आणि आपणही घाईने फळा पुसतो. म्हणूनच की काय, औषधशास्त्रातला एक देखणा प्रयोग वर्गात कोणी सांगत नाही. तो एनिमाने केलेला आहे.

ऑक्सफर्डच्या आझाद खान, पिरिस व ट्रूलव्ह यांनी तो १९७७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. विषय होता सल्फासॅलाझिन हे औषध. ते १९४० च्या सुमारास स्वीडनमध्ये डॉ. नाना स्वार्त्झ यांच्या कल्पनेतून तयार झाले. (नावावरून फसू नये, त्या बाई होत्या.) संधिवाताच्या मुळाशी जंतू असावेत असा त्यांचा तर्क होता. म्हणून जंतूंना रोखणारे सल्फापिरिडिन आणि सूज उतरवणाऱ्या सॅलिसिलेटांच्या कुळातले ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल असे दोन रेणू अ‍ॅझो बंधाने जोडण्यात आले. पण औषधाने नाव कमावले ते दुसऱ्याच आजारात. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडणे व शौचावाटे रक्त जाणे, या विकारात त्याचा चांगला गुण येई.

गोळी गिळली की औषधाचा बराचसा भाग न तुटता मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथले जीवाणू अ‍ॅझो बंध तोडतात आणि दोन्ही तुकडे सुटे होतात. मग गुण कोणाचा, जोडीचा की एकट्याचा? प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. मळमळ, डोकेदुखी असे बरेचसे त्रास सल्फापिरिडिनमुळे होतात. तेच निरुपयोगी असेल, तर रोगी हे त्रास फुकटच सोसत होते.

दोन तुकडे वेगवेगळे गिळायला द्यावेत, असे कोणालाही सुचेल. पण सुटे तुकडे बहुतांशी लहान आतड्यातच शोषले जातात. औषध आजाराच्या जागी पोहोचलेच नाही, तर 'गुण आला नाही' याचा अर्थ काय लावायचा? या आजाराची सूज मलाशयापासून सुरू होते आणि तिथून सलग वर सरकते. तेव्हा खालून दिलेले औषध थेट सुजेवर पडते. ६२ रुग्णांचे तीन गट केले गेले. एकाला सल्फासॅलाझिनचा, दुसऱ्याला ५-अमिनोसॅलिसिलिक आम्लाचा व तिसऱ्याला सल्फापिरिडिनचा एनिमा दिला. कोणाला काय दिले, हे झाकून ठेवले होते. अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर पहिल्या दोन गटांत सुमारे ३० टक्के रुग्णांत सुधारणा आढळली, तिसऱ्यात सुमारे ५ टक्के. गुण आम्लाचा, सल्फापिरिडिन हे नुसते वाहन.

हा निबंध मला फार आवडतो, तरी त्यात एक उणीव आहे. दहावीच्या मुलांना मी तो सांगत होतो, तेव्हा निकाल सांगण्याआधीच एका मुलीने विचारले, "सर, चौथ्या गटाला औषधाशिवायचा एनिमा का नाही दिला?" बरोबर आहे. कोऱ्या एनिमाचा गट नसल्याने हे ३० टक्के कशाच्या तुलनेत मोजायचे, ते कळत नाही. सल्फापिरिडिन अपायकारक असते आणि आम्ल नुसतेच निरुपद्रवी, तरी असाच फरक दिसला असता. मात्र सल्फासॅलाझिनमध्ये दोन्ही तुकडे असूनही तो गट मागे पडला नाही, त्यामुळे ही शंका कमजोर होते. ती पुरती फिटली १९८० साली. व्हॅन हीस, बाकर व व्हॅन टोंगेरेन या डच संशोधकांनी मलाशयात ठेवायच्या सपोझिटरी वापरून तीच तुलना केली आणि सोबत औषध नसलेल्या सपोझिटरीचा गटही घेतला. त्यांचा निष्कर्षही आम्लाच्याच बाजूने गेला.

पुढे हे आम्ल मेसालाझिन नावाने बाजारात आले. त्याच्या गोळ्यांवर असे वेष्टण चढवले की त्या खाली उतरल्यावरच विरघळाव्यात. म्हणजे सिद्धता मागल्या दाराने झाली आणि व्यापार पुढल्या दाराने! आजार फक्त मलाशयात असेल, तर आजही पहिली पसंती सपोझिटरीलाच आहे. तो डाव्या बाजूस वर पसरला असेल, तर नुसत्या गोळ्यांपेक्षा गोळ्या आणि एनिमा मिळून अधिक चांगला गुण येतो. तरीही खालून घ्यायचे औषध मागे पडते. रोगी संकोचतो आणि डॉक्टरही विषय काढत नाहीत. 'बस्ती' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडात असलेल्या समाजात असे व्हावे, याचे मला नवल वाटते.

या उपायाला मर्यादाही आहेत. सपोझिटरीचे काम मलाशयापुरते असते. फेसाच्या रूपातले औषध त्याच्या थोडे वर जाते. पातळ एनिमा रात्री डाव्या कुशीवर निजून घेतला, तर प्लीहेजवळच्या वळणापर्यंत चढू शकतो. क्रोन्स या भावंड-आजारात सूज पुष्कळदा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशी असते. तिथे यातले काहीच पोहोचत नाही.