चकाकी आणि पुरावा

शहाद्याच्या परिसरात तांब्याचे जुने नाणे हाती आले, की ते चिंचेने घासलेले मी वारंवार पाहतो. आपल्या नाणेसंग्रहावर माझा पहिला आक्षेप इथेच आहे. शिवराईवरच्या ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ या अक्षरांत ऱ्हस्व-दीर्घाचे, ठिपक्यांचे फरक आढळतात. त्यांवरूनच अभ्यासक तिचे प्रकार लावतात. आम्लाने वरचा घट्ट थर जातो, त्याबरोबर हे बारकावेही जातात.

अर्थात, प्रत्येक हिरवेपणा निरुपद्रवी नसतो. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर तो क्लोराइडाचा रोग. दमट हवेत तो धातू पोखरतो. पीव्हीसीची मऊ पाकिटेही तांब्याला घातक. नाणे कोरडे ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे.

दुसरा आक्षेप ठिकाणाबद्दल. तालुक्यातल्याच प्रकाशे येथे १९५५ साली बी. के. थापर यांनी थरांनुसार उत्खनन केले, म्हणून तिथल्या वस्तूंचा काळ ठरवता आला. शेतातून थेट बाजारात गेलेल्या नाण्याला असा थर उरत नाही. १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांवरील ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो, तो उगाच नव्हे.

सापडल्याचे ठिकाण चिठ्ठीवर लिहून नाण्यासोबत जपणारा संग्राहक मला शंभर चकाकत्या नाण्यांच्या धन्यापेक्षा मोठा वाटतो.