परदेशातील मराठी ग्रंथ आणि त्याचा वाचक

मराठी वाङ्मयाचा महाराष्ट्राबाहेर प्रसार व्हावा असे म्हणताना आपण बहुधा ग्रंथाचा विचार करतो, वाचकाचा करीत नाही. ग्रंथ परदेशी पोहोचला म्हणजे त्याला वाचक लाभला, हे गृहीत आपण फारशी चिकित्सा न करता स्वीकारले आहे. ग्रंथालयांच्या तीन उपक्रमांच्या आधारे ते तपासून पाहावयाचे आहे.

पहिला उपक्रम अमेरिकेचा. १९५४ च्या ‘सार्वजनिक कायदा ४८०’ अन्वये भारताला विकलेल्या धान्याची किंमत रुपयांत साठत गेली. त्या रकमेतून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी करून अमेरिकन विद्यापीठांना पाठविली. शिकागोसारख्या ठिकाणी मराठी संग्रह वाढण्यास या योजनेचे मोठे साहाय्य झाले. संशोधकांवर हे उपकारच होत. तथापि हा संग्रह अभ्यासाचे साधन म्हणून उभा राहिला. रसिक वाचक घडविणे हा त्याचा हेतूच नव्हता.

दुसरा उपक्रम नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा. २००९ साली सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि ठराविक काळाने दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. दुबईसह अनेक परदेशांत अशा पेट्या गेल्या. येथे वाचक आहे आणि ग्रंथ फिरता आहे, हे या योजनेचे खरे बळ. परंतु हा वाचक महाराष्ट्रातून वाचनाची सवय घेऊन गेलेला आहे. त्याच घरातील ज्या मुलाला मराठी कानाने कळते, पण देवनागरी अडखळत वाचता येते, त्याच्यासाठी पेटीत काय आहे? आणि मराठी मुळीच न येणाऱ्या शेजाऱ्यासाठी?

या प्रश्नाचे उत्तर काळाने सर्वांत जुन्या अशा तिसऱ्या उपक्रमात सापडते. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. त्याच राज्यात सयाजी साहित्यमालेतून मराठीत व गुजरातीत ग्रंथ लिहविले गेले, अनुवादविले गेले. ग्रंथ पोहोचविणे आणि तो वाचकाच्या भाषेत सिद्ध करणे ही दोन्ही कामे एकाच धोरणाची अंगे मानली गेली. आपण मात्र ती वेगळी केली आहेत.

अनुवाद हाती आला की मूळ ग्रंथ कोणी वाचणार नाही, असा आक्षेप येईल. पण ज्याला मूळ वाचता येत नाही त्याच्यापासून मुळाचे काय हिरावले जाते? उलट जिज्ञासा निर्माण झाली तर ती मुळाकडेच वळेल. ग्रंथालयशास्त्राने ही सोय आधीच करून ठेवली आहे. दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ हा असून अनुवादित कादंबरीही मूळ भाषेच्या अंकाखालीच जाते. नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ ची. सुधाकर मराठे यांचा इंग्रजी अनुवाद १९९७ चा. मध्ये चौतीस वर्षे गेली. फळीवर मुळाशेजारची ती जागा तेवढा काळ रिकामी राहिली, हा दोष ग्रंथपालाचा नव्हे, आपला आहे.

वाकोल्याला लागून असलेल्या विद्यानगरीत बसून परदेशाची चिंता करताना एक गोष्ट विसरू नये. वाकोल्याच्या चाळींत आणि इमारतींत गुजराती, हिंदी, तमिळ बोलणारी कुटुंबे मराठीच्या शेजारी राहतात. मराठीचा परका वाचक शोधावयास समुद्र ओलांडण्याची गरज नाही. त्याच्या हाती देता येईल अशा अनुवादित मराठी ग्रंथांची चिकित्सक सूची आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तयार करावी. तिच्यात कोणता अनुवाद विश्वसनीय व कोणता नाही, याचा निर्णय असावा. पेटी कोठे पाठवावी हा प्रश्न त्यानंतरचा. तिच्यात काय घालावे हे ठरविणे मात्र समीक्षेचेच काम आहे.