‘सिमेट्री’ला मराठीत काय म्हणावे?

विष्णुपुरीला एका अनुवादित कथेचे वाचन चालले होते. आईच्या दफनानंतर मुलगा रोज संध्याकाळी ‘सिमेट्री’त जातो, असे मूळ इंग्रजीत होते. अनुवादकाने लिहिले होते, ‘तो रोज स्मशानात जाई.’ कुणाला काही वाटले नाही. मला मात्र ते खटकले.

‘सिमेट्री’ हा शब्द ग्रीकमधून लॅटिनमार्गे इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ झोपण्याची जागा. ‘ग्रेव्हयार्ड’मधल्या ‘ग्रेव्ह’चे मूळ खणण्याच्या क्रियेत आहे. एका शब्दात निजलेला माणूस दिसतो, दुसऱ्यात खणलेली जमीन. ‘स्मशाना’त यातले काहीच दिसत नाही. कोशांत त्याला जाळण्याची आणि पुरण्याची जागा असे दोन्ही अर्थ सापडतात, हे खरे. पण आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे चिताच येते.

मराठीत शब्दांची उणीव आहे काय? ‘कब्रस्तान’ अरबी-फारसीतून येऊन इथलाच झाला. ‘दफनभूमी’त अरबी दफन आणि संस्कृत भूमी शेजारी नांदतात. आमच्या नांदेड-लातूरकडे लिंगायत बांधवही मृतांना पुरतात. ‘मूठमाती देणे’ तर साऱ्या मराठी माणसांच्या तोंडी आहे. दफन ही रीत मराठीला परकी नाही.

‘कब्रस्तान म्हटले की पात्र मुसलमान वाटते,’ असे अनुवादक म्हणाले. त्यांचा मुद्दा रास्त आहे. कथेतले कुटुंब ख्रिस्ती होते. तिथे ‘दफनभूमी’ चालले असते.

हा केवळ कोशाचा वाद नाही. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात बडा कब्रस्तान परिसरात बॉम्बस्फोट झाले. तो शब-ए-बरातचा शुक्रवार होता. आप्तांच्या कबरींपाशी फातेहा पढायला माणसे जातात, हे ठाऊक नसेल तर तिथल्या गर्दीचा अर्थच लागत नाही.

कायद्याच्या इंग्रजीतल्या शब्दांचे भाषांतर करताना आपण ‘मृतदेहांची विल्हेवाट’ असे सहज लिहितो. विल्हेवाट कचऱ्याची लावतात. कोरोनाकाळात वांद्र्याच्या कब्रस्तानातील दफनांना विरोध झाला, तेव्हा २२ मे २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सन्मानाने दफन होण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमात येतो, असे मान्य केले. न्यायालयाने जो सन्मान दिला, तो भाषेनेही द्यायला हवा.

कथेतला मुलगा राखेकडे जात नव्हता, निजलेल्या आईकडे जात होता. अनुवादात ती आईच हरवली.