पहिला प्रोग्राम कुठून शिकायचा?

मुकुंदराजांची समाधी आपल्या अंबाजोगाईतच आहे. अवघड विषय मराठीत सांगता येतो, हे बीड जिल्ह्याला नवं नाही. म्हणून आम्ही आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ तपासले. सी भाषेचे धडे मराठीत आहेत, फुकट आहेत, साधारण दहा-दहा मिनिटांचे आहेत. शिकवणारा मुद्दाम चूक करतो, एरर दाखवतो, मग दुरुस्त करतो. नवख्याला हेच हवं असतं!

पण धडे उबंटूवर चालतात. व्हिडिओ थांबवून सोबत टाइप करायचं असतं. घरात एकच मोबाइल असलेल्या पोरीनं ते कुठं करायचं? ती नुसती बघत राहते, आणि बघून प्रोग्रामिंग येत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, आधी कॉम्प्युटर कुठं मिळेल ते ठरवा, मग धडा निवडा.